कातडीचं टोक

यंत्रानं तिला ओळखलं नाही. तिनं अंगठा ठेवला, लाल दिवा लागला आणि आतली बाई शांत आवाजात म्हणाली, "कृपया पुन्हा प्रयत्न करा." तिनं पुन्हा ठेवला. पुन्हा लाल. मागे रांग लागलेली; इस्पितळात सकाळची पाळी भरायची वेळ, नर्सबाया, एक्सरेवाला, रक्त तपासणारे, सगळे आपापले डबे आणि पिशव्या सांभाळत उभे. हजेरीच्या नव्या यंत्राचा पहिलाच दिवस, त्यामुळे जो तो जरा मजेत होता. मागून कुणीतरी म्हणालं, "कानवाल्या बाईंचं ऐकत नाहीये वाटतं यंत्र!" आणि सगळे हसले. तीही हसली. सोळा वर्षं ती इथे लोकांचे कान तपासत होती, तेव्हा असले विनोद तिला नवे नव्हते. हजेरीचा कारकून चष्मा कपाळावर चढवून पुढे आला. "ओला आहे का? पुसून लावा. बरं, डावा लावा. आता त्याच्या शेजारचं बोट." अशी एकेक करून दहाही बोटं झाली. भर रस्त्यात कुणी एकेक कपडा उतरवायला लावावा, तसं तिला वाटत होतं. शेवटी त्यानं तिचा अंगठा धरून खिडकीच्या उजेडात नेला आणि त्याचा चेहरा बदलला. अंगठ्यावर रेषाच नव्हत्या. नखापासून सांध्यापर्यंत गुलाबी, चकचकीत, मधे मधे लाल, कडेला सुकलेल्या रक्ताची बारीक किनार. "बाई, हे काय हो?" त्यानं आवाज खाली आणून विचारलं, आणि त्याच्या त्या खालच्या आवाजानंच तिला जास्त लाज वाटली. "साबण," ती म्हणाली. "पेशंटगणिक हात धुवावे लागतात ना." खोटं तयारच होतं, वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत झालेलं. "मग सोमवारपर्यंत कातडीच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा. तोवर मी सही घेतो," कारकून म्हणाला आणि पुढच्याला हाक मारली.

तिची खोली तळमजल्याच्या टोकाला होती. खोलीत खोली: बाहेर तिचं टेबल आणि यंत्र, आणि आत एक आवाजबंद पेटी, जाड दाराची, एका खिडकीची. पेशंटला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं. "अगदी बारीक आवाज आला तरी दाबा. आल्यासारखा वाटला तरी दाबा." मग दार लावून बाहेर बसायचं आणि काचेतून माणसाकडे बघत एकेक सूर सोडायचा. ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा तिला फार आवडायचा. मोठमोठी माणसं, खेकसणारी, घाईतली, आत बसली की लहान मुलासारखी होत. डोळे छताला लागत, ओठ जरासे उघडत. एका चेहऱ्याला वीस मिनिटं लागत. आणि त्या वीस मिनिटांत तिची तर्जनी तिला न सांगता घराबाहेर पडायची. अंगठ्याच्या कडेनं चालायची, वळायची, परत यायची, आणि कुठेतरी तिला ते लागायचंच: टोक. कातडीचं इवलंसं, कडक झालेलं टोक. ते लागलं की बाकी सगळं लांब जायचं. पेशंट, आलेख, घरी फोन करायचा राहिलाय, दूध आणायचंय, सगळं. एवढंच राहायचं की हे आहे आणि हे इथे असता कामा नये. हे एवढं काढलं की सारखं होईल, मग झालं. ती काढायची. क्षणभर इतकं शांत वाटायचं की त्याच्या जोडीला दुसरं काही सांगता येणार नाही. आणि मग त्या काढलेल्याच्या पलीकडे नवीन टोक. लोकांना वाटतं, असं करणारा माणूस स्वतःला दुखवत असेल. तिला कधीच स्वतःला दुखवायचं नव्हतं. तिला नीट करायचं होतं. तीस वर्षं ती तो अंगठा नीटच करत आली होती.

आठ वर्षांची असताना सुरुवात झाली, की त्याआधीच, हे तिला सांगता आलं नसतं. आठवत होता तो आईचा आवाज. आईचं लक्ष घारीचं. स्वयंपाकघरातून, पाठमोरी असतानासुद्धा, "हात काढ!" असं ओरडायची आणि ते नेमकं त्या क्षणीच असायचं. आईनं सगळं करून पाहिलं. कडू औषध लावलं, बोटांना चिंध्या बांधल्या, सुटीच्या दिवशी हातांवर जुने मोजे चढवून बसवलं, एकदा फुटपट्टीनं मारलं आणि मग स्वतःच रडत बसली. "कोण करेल गं तुझ्याशी लग्न असल्या हातांनी?" ताई तीन वर्षांनी मोठी, तिचे हात गोरे, लांब बोटांचे, आणि ते पुढे करून ती म्हणायची, "हे बघ, असं ठेवायचं असतं." पण या सगळ्यातलं तिला खोल लागलेलं काही असेल, तर ते आईचं ओरडणं नव्हे आणि फुटपट्टीही नव्हे. आई बोलायला लागली की बाबा उठून बाहेर जायचे. पेपर वाचत असले तर घडी घालायचे, चहा पीत असले तर कप तसाच ठेवायचे, आणि चपला पायात सरकवून निघून जायचे. एकदाही म्हणाले नाहीत, "पुरे." एकदाही म्हणाले नाहीत, "ठके, इकडे ये." एरवी दिवसभर ठकी, ठके चाललेलं असायचं; एवढ्या वेळेपुरतं मात्र जणू तिला नाव नसे. माणूस वास सहन झाला नाही की जसा उठून जातो, तसे ते जातात, असं तिच्या मनानं घेतलं होतं, आणि मनानं एकदा घेतलं की कोण काढणार?

आईला जाऊन नऊ वर्षं झाली होती. लग्न झालं ते झालंच. नवरा चांगला होता, फार चांगला. टीव्ही बघता बघता त्याचं लक्ष जायचं आणि तो अगदी हळू, प्रेमानं म्हणायचा, "हात." त्या एका शब्दावर ती पेटून उठायची. त्याला वाटायचं तो मदत करतोय. तिला वाटायचं, आई पुन्हा भिंतीपलीकडे उभी आहे. त्यामुळे ती न्हाणीघरात जाऊन बसायला लागली होती. नळ सोडून, पंधरा पंधरा मिनिटं.

कातडीची डॉक्टर वयानं तिच्याहून लहान होती. तिनं भिंगातून दोन्ही अंगठे पाहिले, मग न विचारता बाही वर सरकवून कोपराजवळचे डाग पाहिले. "साबणानं?" तिनं विचारलं. "हो." "साबणानं सगळीकडे सारखं होतं. हे जागा निवडून झालंय." यात आरोप नव्हता, कान तपासताना ती स्वतः जशी म्हणायची, "डाव्या कानाला जरा कमी येतंय," तसाच सूर होता. "मला वेड लागलंय का?" तिनं विचारलं, आणि एवढी वर्षं हा प्रश्न आपण बरोबर घेऊन फिरत होतो हे तिला तेव्हाच कळलं. "छे," डॉक्टर म्हणाली. "आजार आहे. त्याला नाव आहे, उपचार आहेत. आणि तुमच्यासारखे माझ्याकडे पुष्कळ येतात हो. सगळे साबणाचंच नाव घेतात." तिला हसू आलं, रडण्याच्या जागी. डॉक्टरनं जखमांना मलम दिलं, हजेरीच्या कारकुनासाठी चिठ्ठी दिली आणि आणखी एक चिठ्ठी दिली, दुसऱ्या मजल्यावरच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांसाठी. पहिली चिठ्ठी तिनं लगेच पोचवली. दुसरी पर्समध्ये ठेवली. तीन दिवस ती पर्समध्ये होती आणि तीन दिवस तिचा हात पर्समध्ये गेला की ती चिठ्ठी चुकवून बाकीचं काढत होता.

गुरुवारी ताई बाबांना घेऊन आली. बाबा ताईकडे राहत. दोन वर्षं त्यांचं ऐकणं कमी होत चाललं होतं आणि दोन वर्षं ताई मागे लागली होती. "टीव्ही एवढा मोठा लावतात की शेजारचे येऊन बातम्या ऐकून जातात," ताई आल्या आल्या म्हणाली. "तू बघ यांना, मी बँकेत जाऊन येते. आणि काय गं, तुझे हात पुन्हा..." "ताई, बँक बंद होईल," ती म्हणाली. ताई गेली.

बाबा पेटीच्या खिडकीपाशी उभे राहून काच बघत होते. चाळीस वर्षं त्यांनी काचा कापल्या आणि बसवल्या. घरांच्या, दुकानांच्या, एकदा एका शाळेच्या सगळ्या दोनशे खिडक्यांच्या. "दुहेरी आहे," ते मोठ्यानं म्हणाले. "मधे हवा ठेवलीय. कोपरे बघ. ज्यानं बसवली, त्याला काम येतं." तिनं त्यांना आत बसवलं. पिकलेल्या केसांवरून हेडफोन चढवताना त्यांच्या कानाची पाळी तिच्या हाताला लागली, मऊ, गार. इतक्या जवळून आपण यांना किती वर्षांत पाहिलं नाही, असं तिला वाटलं. बटण त्यांच्या डाव्या हातात दिलं, हेडफोन जरा उचलून ठरलेलं वाक्य त्यांच्या कानाशी मोठ्यानं म्हटलं, दार लावलं आणि बाहेर येऊन बसली.

पहिले काही सूर त्यांनी नीट पकडले. मग उंच सूर आले आणि मधली शांतता लांबली. त्यांचे डोळे समोरच्या भिंतीवर लागले. आणि मांडीवरच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला चिकटपट्टी होती, ती त्याच हाताच्या तर्जनीनं कडेकडेनं सोडवली. न बघता, एका ओढीत. हजारो वेळा केलेल्या कामाला जी सफाई येते, त्या सफाईनं. बाबांच्या बोटांना पट्ट्या असायच्याच. घरात ते घड्याळासारखं, खुर्चीसारखं होतं. काचेचं काम म्हटल्यावर कापायचंच. आईच त्या पट्ट्या आणून ठेवायची. तिनं सूर सोडला. बटण दाबलं गेलं नाही. आणखी मोठा सोडला. हा त्यांना ऐकू येतच होता, दोन मिनिटांपूर्वी आला होता. बटण नाही. त्यांची तर्जनी अंगठ्याच्या कडेनं चालत होती, वळत होती, परत येत होती. मग थांबली. बाबांचे ओठ जरासे मिटले, मान एका बाजूला कलली. हा चेहरा तिनं आजवर कधी पाहिला नव्हता, आणि तरी तो तिला आतून पाठ होता. त्या चेहऱ्यामागे आत्ता काय चाललंय हे जगात तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. हे एवढं काढलं की मग झालं.

तिनं सूर बंद केले. पेशंटशी बोलायला टेबलावर एक छोटा माईक होता. बटण दाबून ती म्हणाली, "बाबा."

ते दचकले. आधी इकडेतिकडे पाहिलं, मग काचेतून तिच्याकडे, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अगं, किती स्पष्ट! तुझा आवाज असा आहे होय? मी विसरूनच गेलो होतो." आतला माईक त्यांचा आवाज तिच्या टेबलावर आणत होता.

"बाबा, अंगठ्याला काय झालंय?"

"काच लागली."

"काचेचं काम सोडून बारा वर्षं झाली."

त्यांनी उजवा हात मांडीखाली सरकवला. शहात्तर वर्षांचा माणूस, आणि अगदी तिसरीतल्या मुलासारखा. तिला स्वतःची बाकावरची जागा आठवली, मांडीखाली दबलेले स्वतःचे दोन हात, त्यांना येणाऱ्या मुंग्या. ती उठली, खिडकीपाशी गेली आणि आपले दोन्ही हात, बोटं पसरून, तळवे आत करून काचेवर ठेवले. मलमाचे, गुलाबी, रेषा नसलेले अंगठे. कुणापुढे आपणहून असे हात धरायची तिची ही पहिलीच वेळ. बाबा बघत राहिले. कितीतरी वेळ. मग सवयीनं म्हणाले, "काचेला डाग पडतील," आणि त्यांचा आवाज मधेच तुटला.

ती माईकपाशी परत आली. "कधीपासून?"

"शाळेत होतो. चौथीत की पाचवीत." त्यांनी हात मांडीखालून काढला, पाहिला, मांडीवर ठेवला. "हे बाहेर जातं का गं? मी बोलतोय ते?"

"नाही. या खोलीतून बाहेर काही जात नाही."

"मला पोस्टात कारकुनी लागली होती. खिडकीवर बसायचं, लोकांसमोर हात ठेवून. पंधरा दिवस केली. लोक पैसे घेता घेता बोटांकडे बघायचे. मग काचेच्या कारखान्यात गेलो. सगळे म्हणाले, पक्की नोकरी सोडून काचा कसल्या कापतो, डोकं फिरलंय. पण तिथे पट्ट्या शोभतात, ठके. तिथे कुणी विचारत नाही."

चाळीस वर्षं. शाळेच्या दोनशे खिडक्या. बाबा हिऱ्याच्या कलमेनं काचेवर रेघ ओढत, तेव्हा ती शेजारी उकिडवी बसून बघायची; केवढा अभिमान वाटायचा तिला त्या कामाचा. तो अभिमान खोटा नव्हता आणि हेही खोटं नव्हतं. "आई मला बोलायला लागली की तुम्ही उठून जायचात," ती म्हणाली. तीस वर्षांत जे तोंडून निघालं नव्हतं, ते माईकमधून सरळ निघालं, कारण मधे दार होतं. "मला वाटायचं, तुम्हाला माझी किळस येते."

बाबांनी डोळे मिटले. "एवढं स्पष्ट ऐकू यायला नको होतं," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, प्रत्येक शब्द उचलून ठेवल्यासारखा, "मला वाटायचं, हे तुला माझ्याकडून लागलंय. नाक माझं, चालणं माझं, तसं हेही. कुठल्या तोंडानं तुला थांब म्हणू? आणि आईला बोलू नको म्हणावं, तर ती विचारणार का म्हणून. मग सांगावं लागलं असतं. जिन्यात जाऊन उभा राहायचो मी. तू रडायची थांबेपर्यंत. लांब नाही गेलो कधी. जिन्यातच."

ती दार उघडून आत गेली. पेटीत एकच खुर्ची. ती जमिनीवर, त्यांच्या पायांशी बसली. हेडफोन अजून त्यांच्या कानांवर होते, त्यामुळे ती काहीही बोलली असती तरी त्यांना ऐकू गेलं नसतं. तिनं त्यांचा उजवा हात घेतला, खिशातलं मलम काढलं आणि त्यांच्या अंगठ्याला लावलं. त्यांनी लावू दिलं.

ताई परत आली तेव्हा दोघं बाहेरच्या बाकावर बसले होते. "झालं? किती येतंय ऐकू?" "अर्धंच झालंय," ती म्हणाली. "उरलेलं पुढच्या आठवड्यात. आत्ता आम्हाला वर जायचंय, दुसऱ्या मजल्यावर." ताईनं भिंतीवरच्या फलकात दुसऱ्या मजल्यापुढे 'मानसोपचार' वाचलं, तिच्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. "कुणाला काय झालंय?" "मला," ती म्हणाली. बाबांना ते ऐकू आलं असावं, नाहीतर ओठांवरून कळलं असावं. ते काठी टेकून उठले. "आम्हा दोघांना," ते म्हणाले, इस्पितळभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

वरच्या डॉक्टरांना सर्दी झाली होती आणि ते दर दोन वाक्यांनी नाक पुसत माफी मागत होते, त्यामुळे त्यांची भीती वाटली नाही. त्यांनी सांगितलं की हा त्वचा ओरबाडण्याचा विकार. घराण्यात चालू शकतो, पण म्हणून कुणी कुणाला दिला असा हिशोब नसतो. निश्चयानं थांबत असता तर तुम्ही दोघांनी कधीच थांबवलं असतं, ते म्हणाले. मग काय करायचं ते सांगितलं, आणि ते इतकं साधं होतं की तिची जरा निराशाच झाली. हात कधी निघतो ते आधी नुसतं ओळखायचं. निघाला की मूठ वळायची, मिनिटभर, आणि ती लाट ओसरू द्यायची. बोटांना दुसरं काही धरायला द्यायचं. दर आठवड्याला येऊन काय झालं ते सांगायचं. बाबांनी सगळं दोनदा मोठ्यानं विचारून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "म्हणजे ओरडायचं नाही कुणी?" डॉक्टर म्हणाले, "नाही. तुम्ही स्वतःसुद्धा नाही."

हे सोपं गेलं असं कुणी सांगू नये. पहिल्या महिन्यात तिला कळलं की आपला हात दिवसातून किती वेळा निघतो, आणि तो आकडा पाहून ती हादरली. टेबलावर तिनं एक खडबडीत लाकडी मणी ठेवला. पेशंट आत बसला की तो डाव्या हातात धरायचा. नवऱ्याला तिनं एका रविवारी सगळं सांगितलं, आणि असंही सांगितलं की तू काही म्हणू नकोस, नुसता जवळ बस. तो बसायला लागला. अकरा दिवस चांगले गेले की बारावा दिवस यायचा, आणि त्या दिवशी न्हाणीघराचा नळ पुन्हा वाहायचा. पण बाहेर आल्यावर ती बाबांना फोन करायची. बाबांना आता कानात यंत्र होतं, आणि फोन ते स्वतः उचलत. लोक हवापाण्याचं बोलतात, तसं दोघं याबद्दल बोलत.

एका दुपारी पेशंट नव्हता, आणि त्यांचाच फोन आला.

"ठके, आज माझं बिघडलं बघ."

"किती?"

"उजवा अंगठा. सगळाच. सकाळपासून काही सुचत नव्हतं."

"माझंही मंगळवारी बिघडलं होतं," ती म्हणाली.

"हो का? मग, आता?"

"आता बरं आहे. तुम्ही मलम लावलंत ना?"

"ताईनं लावलं."

ती खुर्चीत सरळ झाली. दुसऱ्या मजल्याच्या त्या दिवसानंतर ताईनं या विषयावर चकार शब्द काढला नव्हता. बाबाही तिच्यासमोर हात खिशात ठेवून वावरत. "तुम्ही दाखवलंत तिला?"

"स्वयंपाकघरात गेलो आणि हात पुढे केला. म्हटलं, बघ बाई."

"मग? काय म्हणाली?"

मागे कुठेतरी ताई भांडी लावत असल्याचा आवाज येत होता.

"म्हणाली काहीच नाही," बाबा म्हणाले. "फुंकर घातली."